पदार्थ पोहोचतो, पंगत मागे राहते

एखाद्या समाजाची खाद्यपरंपरा दुसऱ्या समाजात जाते तेव्हा पदार्थ आधी पोहोचतात आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांची नावे पोहोचतात. मात्र ते पदार्थ कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणासोबत आणि कशाचा त्याग केल्यानंतर खायचे याविषयीचे संकेत बहुधा मूळ ठिकाणीच राहून जातात. हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानातील कार्यालयीन उपाहारगृहांत, म्हणजे ज्यांना सगळे सरसकट कँटीन म्हणतात अशा मोठ्या स्वयंपाकघरांत, ग्रीक पद्धतीचे जेवण रांधण्याचे आणि वाढण्याचे काम प्रस्तुत लेखकाने अनेक वर्षे केले असून, त्या कामातून हाती आलेले निष्कर्ष येथे मांडले आहेत. ग्रीस देशात राहून केलेल्या अभ्यासाचा दावा या लेखनामागे नाही. भट्टीसमोर, वाढपाच्या काउंटरमागे आणि उरलेल्या अन्नाच्या वजनकाट्यापाशी उभे राहून जे दिसले तेवढ्यापुरतीच या निरीक्षणांची व्याप्ती आहे.

हिंजवडी हे पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील गाव. मुळशी आणि शेजारचा मावळ हा भातशेतीचा मुलूख असून मुळशीच्या आंबेमोहोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तर आज पुण्यात घरोघरी शिजणारा इंद्रायणी हा वाण वडगाव मावळ येथील संशोधन केंद्रात विकसित झाला. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या पुढाकाराने येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहत गेले, हिंजवडी, माण आणि मारुंजी परिसरातील कित्येक भातखाचरांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, आणि देशभरातून आलेल्या, एकमेकांचा आहार न ओळखणाऱ्या हजारो माणसांना दुपारी एकाच छताखाली जेवू घालण्याची गरज निर्माण झाली. ही गरज कंत्राटदार भागवतात. ताटामागे ठरलेला दर, ‘मेनू सायकल’ म्हणजे काही आठवड्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारे पदार्थांचे वेळापत्रक, आणि त्या वेळापत्रकाला मंजुरी देणारी कर्मचाऱ्यांची समिती या तीन चौकटींत हे स्वयंपाकघर चालते. तेथे पोळ्या लाटायला आणि भाज्या निवडायला आसपासच्या गावांतील स्त्रिया असतात, मुख्य आचारी बहुधा परप्रांतातले असतात, आणि समितीला दर काही महिन्यांनी ‘काहीतरी नवीन’ हवे असते.

या ‘काहीतरी नवीन’च्या मागणीतूनच ‘मेडिटरेनियन’ काउंटरचा जन्म झाला. अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या ‘सात देशांच्या अभ्यासा’त क्रीट बेटावरील ग्रामीण पुरुषांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण अत्यल्प आढळले, त्यावरून भूमध्य समुद्राकाठच्या आहाराची कीर्ती जगभर झाली, आणि २०१० मध्ये युनेस्कोने ग्रीस, इटली, स्पेन आणि मोरोक्को या देशांच्या संयुक्त प्रस्तावावरून या आहारपद्धतीचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आणि वार्षिक तपासणीत कोलेस्टेरॉलचा आकडा पाहून हादरलेल्या कर्मचारीवर्गाला या कीर्तीचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविक होते. परंतु समितीने मंजूर केलेल्या पहिल्या यादीत लेबनॉनचा हमस, इजिप्तकडून आलेले फलाफल, इटलीचा पास्ता आणि ग्रीक सॅलड एकाच ओळीत उभे होते. जणू भूमध्य समुद्राच्या काठी एकच घर असावे आणि त्या घरात एकच चूल असावी. त्या यादीतून ग्रीक भाग वेगळा काढून तो नीट समजून घेण्याचा प्रयत्न हेच पुढील वर्षांतील कामाचे स्वरूप ठरले.

सुरुवात सॅलडपासून झाली. ग्रीक लोक ज्याला ‘होरियातिकी’ म्हणजे गावरान सॅलड म्हणतात त्यात टोमॅटो, काकडी, कांदा, हिरवी ढोबळी मिरची आणि ऑलिव्ह यांच्या मोठ्या फोडी असतात, वर फेटा चीजचा एक सलग तुकडा, वाळलेला ओरेगॅनो आणि सढळ हाताने ओतलेले ऑलिव्ह तेल असते. लेट्यूसची पाने त्यात नसतात आणि ती न दिसल्यामुळे सॅलड अपुरे असल्याची तक्रार काउंटरवर सातत्याने येत असे. फेट्याचा प्रश्न याहून बिकट होता. युरोपीय संघाने २००२ मध्ये फेट्याला संरक्षित नामाचा दर्जा दिला, त्यानुसार तो ग्रीसच्या ठरावीक प्रदेशांतच, मेंढीच्या दुधापासून, फार तर ३० टक्के शेळीचे दूध मिसळून तयार व्हावा लागतो आणि किमान दोन महिने मिठाच्या पाण्यात मुरावा लागतो. ताटाच्या ठरलेल्या दरात असा फेटा बसणे अशक्य असल्याने स्वयंपाकघरात पनीर मिठाच्या पाण्यात दोन दिवस ठेवून वापरले जाई. फलकावर त्याला फेटा न म्हणता ‘खारवलेले पनीर’ म्हणावे असा आग्रह धरल्यावर त्या पदार्थाची मागणी काही काळ घटली, आणि ग्राहक चवीबरोबर, किंबहुना चवीच्या आधी, नाव विकत घेतो हा या व्यवसायातील जुना धडा पुन्हा एकदा पक्का झाला.

याउलट त्झात्झिकी हा पदार्थ स्वयंपाकघरातील स्त्रियांनी पहिल्याच दिवशी आपलासा केला. पाणी काढून घट्ट केलेले दही, किसून मीठ लावून पिळलेली काकडी, लसूण, थोडे ऑलिव्ह तेल आणि शेपू किंवा पुदिना यांचे हे मिश्रण असते, आणि त्याची कृती समजावताना कोणतीही अडचण आली नाही, कारण श्रीखंडासाठी दही फडक्यात टांगून चक्का करण्याचे आणि कोशिंबिरीसाठी काकडी पिळून घेण्याचे ज्ञान त्या हातांत आधीपासून होते. फरक वापराच्या जागेत होता. मराठी ताटात कोशिंबीर डावीकडे चमचाभर येते आणि जेवणाला चव देते, तर ग्रीक टेबलावर त्झात्झिकीची बशी मध्यभागी असते आणि पावाच्या तुकड्याने सर्वांनी त्यातून खायचे असते. हा फरक त्या वेळी किरकोळ वाटला होता. त्याचे महत्त्व पुढे एका वेगळ्याच प्रसंगी कळले.

ग्रीक रोजच्या जेवणाचा कणा मात्र सॅलडमध्ये किंवा भाजलेल्या मांसात नसून ‘लादेरा’ या प्रकारात आहे. लादेरा म्हणजे भरपूर ऑलिव्ह तेलात, कांदा आणि टोमॅटोबरोबर, मंद आचेवर पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवलेल्या भाज्या: फरसबी, वांगी, बटाटे, मटार आणि विशेषतः भेंडी. भेंडीचा तार मोडण्यासाठी ग्रीक गृहिणी तिला व्हिनेगर आणि मीठ लावून काही वेळ उन्हात ठेवते, तर मराठी गृहिणी त्याच कामासाठी आमसूल, लिंबू किंवा ताक वापरते. दोन्हीकडे आंबटपणाचा उपयोग ओळखला गेला आहे. अडचण तेलाची होती. ग्रीस हा दरडोई ऑलिव्ह तेल सर्वाधिक वापरणाऱ्या देशांपैकी एक असून तेथे हे तेल पदार्थाचा मुख्य भाग मानले जाते, तर हिंजवडीतील स्वयंपाकघरात ते आयात करून आणलेले, महागडे आणि मोजून द्यायचे द्रव्य होते. त्यामुळे ‘पोमेस’ तेल, म्हणजे ऑलिव्हचे पहिले तेल काढल्यानंतर उरलेल्या चोथ्यातून द्रावकाच्या साहाय्याने मिळवलेले स्वस्त तेल, वापरण्याची पद्धत पडली. चव आणि खर्च यांचा विचार करता चांगल्या शेंगदाणा तेलात केलेला लादेरा पोमेस तेलातल्या लादेऱ्यापेक्षा सरस ठरतो, हे अनुभवाने सिद्ध झाले. तरीही ‘ऑलिव्ह’ हा शब्द फलकावरून काढण्यास समिती तयार नसे.

लादेऱ्याचा खरा स्वभाव त्याच्या तापमानात आहे आणि तेथे स्वयंपाकघराचे नियम आडवे आले. हा पदार्थ सकाळी रांधावा, झाकून ठेवावा आणि दुपारी कोमट किंवा गार झाल्यावर खावा अशी रीत आहे, कारण तोपर्यंत तेल आणि टोमॅटोचा रस भाजीत मुरतो. मोठ्या स्वयंपाकघरातील अन्नसुरक्षेचा नियम नेमका याच्या उलट सांगतो: गरम अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर ठेवावे, थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवावे, आणि या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, जेथे जंतूंची वाढ वेगाने होते, अन्न फार वेळ राहू देऊ नये. हजारो माणसांच्या जेवणाची जबाबदारी असताना हा नियम मोडणे शक्य नव्हते आणि योग्यही नव्हते. परिणामी लादेरा ‘बेन मारी’त, म्हणजे खालून गरम पाण्याची वाफ देणाऱ्या वाढपपेटीत, तासन्‌तास उकडत राहिला आणि एका साध्या मिक्स भाजीसारखा दिसू लागला. घरगुती परंपरा एका कुटुंबाच्या प्रमाणावर उभी असते आणि प्रमाण शंभरपटीने वाढले की कृती तीच राहूनही पदार्थ बदलतो, ही जाणीव या प्रसंगाने दिली. पिठले, अळूचे फतफते आणि भरली वांगी यांचेही त्याच पेटीत तेच होत होते, पण ते नेहमीचे असल्याने कोणाच्या लक्षात येत नव्हते.

पावसाळ्यातील एका प्रयोगाने या कामाला वेगळी दिशा दिली. ग्रीसमध्ये रानात किंवा शेताच्या कडेला आपोआप उगवणाऱ्या पालेभाज्यांना एकत्रितपणे ‘होर्ता’ म्हणतात; त्या पाण्यात उकडून, निथळून, वर तेल आणि लिंबू पिळून खाल्ल्या जातात, आणि क्रीटच्या आहारात त्यांचे स्थान मोठे आहे. या भाज्यांची माहिती जमवताना असे दिसून आले की उन्हाळ्यात उकडून खाल्ली जाणारी ‘व्लिता’ ही आपल्याकडील माठाच्याच प्रजातीची भाजी आहे आणि सॅलडमध्ये कच्ची घातली जाणारी ‘ग्लिस्त्रीदा’ ही तर प्रत्यक्ष घोळच आहे. स्वयंपाकघरातील माण-मारुंजीकडच्या स्त्रियांना ही भाजी दाखवावी लागली नाही, कारण तीच त्यांनी घराजवळून खुडून आणली. तथापि ती साहेबलोकांच्या ताटात कच्ची वाढायची आहे हे ऐकून त्यांना हसू आवरले नाही. त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःहून टाकळा, कुरडू आणि भारंगी या मावळातील रानभाज्या सुचवल्या. समितीने घोळीचे ग्रीक सॅलड तत्काळ मंजूर केले आणि टाकळ्याच्या भाजीला ‘ही कोणाला आवडेल का’ असा प्रश्न विचारला. एकाच बांधावरच्या दोन भाज्यांना मिळालेली ही भिन्न वागणूक या व्यवसायातील प्रतिष्ठेची उतरंड जितकी स्पष्ट दाखवते तितकी दुसरी कोणतीही घटना दाखवू शकली नाही.

या सर्व अनुभवांत निर्णायक ठरला तो उपवासाचा प्रसंग. ग्रीसमधून प्रकल्पाच्या कामासाठी काही आठवड्यांकरिता आलेल्या एका महिला अभियंत्याने मार्च महिन्यात ‘ग्रीक’ काउंटरकडे पाठ फिरवली आणि एकादशीनिमित्त लावलेल्या उपवासाच्या काउंटरपाशी येऊन साबुदाण्याच्या खिचडीत तूप आहे का असे विचारले. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेतील ‘सराकोस्ती’ हा ईस्टरपूर्वीचा मोठा उपवासकाळ तेव्हा चालू होता. ईस्टरच्या आधी ४८ दिवस येणाऱ्या ‘स्वच्छ सोमवारी’ तो सुरू होतो, आणि त्या काळात मांस, मासे, अंडी, दूध आणि दुधाचे सर्व पदार्थ वर्ज्य असतात. अत्यंत कडक दिवशी तर तेल आणि मद्यही टाळले जाते. याखेरीज बहुतेक बुधवार आणि शुक्रवार, नाताळपूर्वीचे ४० दिवस आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा हे उपवासाचे मानले जातात, त्यामुळे परंपरा काटेकोरपणे पाळणाऱ्या व्यक्तीचे वर्षातील १८० ते २०० दिवस उपवासाचे होतात. म्हणजे ज्या फेटा आणि दह्याच्या बळावर काउंटरची ग्रीक ओळख उभी केली होती, ते पदार्थ ग्रीक श्रद्धावंताच्या वर्षाच्या जवळपास अर्ध्या भागातून बादच होते. लादेरा, होर्ता, चवळी, मसूर आणि पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांचे ‘फासोलादा’ हे सूप यांचे ग्रीक आहारातील मोठे स्थान या उपवासांमुळे घट्ट झाले आहे. आरोग्याच्या पुस्तकांत ज्याची स्तुती होते त्या वनस्पतिप्रधान आहारामागे आहारशास्त्राच्या आधी चर्चची दिनदर्शिका उभी आहे.

त्या दिवशी खिचडी शेंगदाणा तेलात वेगळी परतून देण्यात आली, आणि त्यानंतर दोन्ही उपवासांची तुलना करण्याची सवय स्वयंपाकघराला लागली. महाराष्ट्रातील उपवासात धान्य, डाळी, कडधान्ये, कांदा आणि लसूण वर्ज्य असतात, मात्र दूध, दही, तूप, शेंगदाणे, बटाटा, रताळे, वरी आणि साबुदाणा चालतात. ग्रीक उपवासात याच्या जवळपास उलट मांडणी आहे: पाव, डाळी, कांदा, लसूण सारे चालते, दुधाचा थेंब मात्र चालत नाही. त्यातही कोळंबी, माकूळ आणि ऑक्टोपस यांसारख्या, ज्यांना रक्त नाही असे मानले जाते त्या जलचरांना सूट असल्याचे कळल्यावर वारकरी घरातल्या एका स्वयंपाकीणबाईंनी हा कसला उपवास असे विचारले, आणि सहा वाट्यांचे फराळाचे ताट पाहून त्या ग्रीक पाहुणीनेही जवळपास तसेच विचारले. दोन्ही याद्या समोरासमोर ठेवल्यावर जो समाईक भाग उरला, म्हणजे बटाटा, रताळे, फळे, सुकामेवा, शेंगदाण्याची आमटी आणि तेलावरची भगर, त्यातून एक ताट तयार झाले, आणि वर्ज्य पदार्थांची यादी नीट मांडली तर परक्या माणसालाही जेवू घालता येते हे त्यातून कळले. स्वयंपाक्याला पाककृतींचा संग्रह लागतोच, पण मोठ्या आणि मिश्र समुदायात त्याला त्याहून अधिक गरज निषेधांच्या ज्ञानाची असते.

उपवासाचा अर्थ त्याच्या दोन्ही काठांवर लागतो. ग्रीसमध्ये स्वच्छ सोमवारच्या अकरा दिवस आधी, गुरुवारी, घराघरांतून आणि रस्त्यांवर मांस भाजले जाते. त्यानंतरच्या एका आठवड्यात मांस बंद होऊन फक्त दूधदुभते चालते, आणि मग पूर्ण उपवास सुरू होतो. स्वच्छ सोमवारी ‘लागाना’ ही तिळ लावलेली चपटी रोटी आणि ताहिनीचा, म्हणजे तिळाच्या लगद्याचा, हलवा खाऊन लोक मोकळ्या माळावर पतंग उडवतात. अखेरीस ईस्टरच्या मध्यरात्री चर्चमधून परतल्यावर ‘मायिरित्सा’ या कोकराच्या आतड्या-काळजाच्या, शेपू आणि लिंबू घातलेल्या सूपने उपवास सुटतो, लाल रंगवलेली अंडी एकमेकांवर आपटून फोडली जातात आणि दुसऱ्या दिवशी सळईवर कोकरू भाजले जाते. आषाढ अमावास्येची गटारी, त्यानंतरचा श्रावण आणि सणासुदीनंतर पुन्हा पेटणारी मटणाची चूल ज्या स्वयंपाकघराने वर्षानुवर्षे पाहिली आहे त्याला ही लय समजावून सांगावी लागत नाही; श्रावणात मांसाहारी काउंटरवरची मागणी किती घसरते हे तेथील खरेदी-वहीतून सहज वाचता येते. या जाणिवेनंतर ग्रीक पदार्थ महिन्यातून एकदा ‘थीम डे’ला एकत्र मांडण्याऐवजी ते दिनदर्शिकेप्रमाणे विखुरण्यात आले: श्रावणात लादेरा आणि चवळी, संक्रांतीच्या आठवड्यात लागाना आणि तिळाचा हलवा, पावसाळ्यात घोळ. उरलेल्या अन्नाचे वजन यानंतर कमी झाले, कारण खाणाऱ्याला तो दिवस आधीपासून ओळखीचा होता.

सर्वच सवयी अशा ओळखीच्या निघाल्या नाहीत. ग्रीक भोजनात छोट्या बश्यांतून येणारे ‘मेझे’ टेबलाच्या मध्यभागी ठेवले जातात, प्रत्येक जण आपल्या काट्याने त्यातून उचलतो, आणि एकत्र जमलेल्या मंडळींचा सहवास हाच त्या जेवणाचा हेतू मानला जातो. एकट्याने मेझे मागवणे जवळपास हास्यास्पद समजले जाते. हा प्रकार चौघांसाठी एक ताट या स्वरूपात हिंजवडीत आणला तेव्हा बहुतेक गटांनी लगेच चार रिकाम्या ताटल्या मागवून पदार्थांची वाटणी करून घेतली. यामागे उष्ट्या-खरकट्याची खोलवर रुजलेली कल्पना होती, तिच्याबरोबर शाकाहारी आणि मांसाहारी चमचा वेगळा ठेवण्याची काळजी होती, आणि शेजारी बसलेल्याचा आहार कोणता हे विचारण्याचा संकोचही होता. मराठी पंगतही सामुदायिकच असते. परंतु तिच्यात सर्व जण एका ओळीत, एकाच वेळी, आपापल्या पानावर जेवतात, वाढपी सर्वांपर्यंत पोहोचतो आणि सर्वांचे होईपर्यंत उठायचे नसते. कार्यालयीन काउंटरला यांपैकी काहीच साधत नाही, कारण तेथे प्रत्येक जण आपली थाळी घेऊन, आपल्या वेळी, बहुधा मोबाइलच्या पडद्यासमोर जेवतो. २०२० च्या मार्चपासून इमारती ओस पडल्या आणि पुढे लोक आठवड्यातील ठरावीक दिवशीच कार्यालयात येऊ लागले, तेव्हापासून मात्र गटाने जेवण्याची ओढ वाढलेली दिसते, आणि मध्यभागी ठेवलेल्या बश्यांना आता पूर्वीइतका विरोध होत नाही.

परंपरा म्हणून जे समोर ठेवले जाते ते किती जुने आणि किती शुद्ध, हा प्रश्नही या कामात वारंवार आला. ‘मुसाका’ या वांग्याच्या ग्रीक पदार्थावरील दूध-मैद्याच्या पांढऱ्या सॉसचा जाड थर निकोलाओस त्सेलेमेंतेस या आचाऱ्याच्या फ्रेंच वळणाच्या पाककृतींतून विसाव्या शतकात रूढ झाला, आणि १९२३ च्या लोकसंख्या-अदलाबदलीच्या सुमारास आशिया मायनरमधून ग्रीसमध्ये आलेल्या सुमारे बारा लाख निर्वासितांनी जिऱ्या-दालचिनीची चव तेथील रोजच्या स्वयंपाकात पक्की केली. ग्रीक गावरान सॅलडमधला टोमॅटो आणि मराठी उपवासातले साबुदाणा, बटाटा व शेंगदाणे हे सारे मुळात अमेरिका खंडातून आलेले आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्या लेण्यांकडे पाहिले तर ही देवघेव याहूनही मागे जाते: मावळातील कार्ले येथील चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट येथील यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत, आणि जुन्नरजवळच्या शिवनेरी लेण्यांतील एका लेखात चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दान दिल्याची नोंद आहे. हे यवन वंशाने ग्रीक होते की ग्रीकांशी संबंधित व्यापारी समाजातले होते याविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी याच जिल्ह्यात यवन म्हणवणाऱ्या एका माणसाला इतरांच्या एकत्र जेवणासाठी दगडातली जागा करून द्यावीशी वाटली, हे हिंजवडीतील स्वयंपाक्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याने पाककृती दिली नाही, बसायला जागा दिली.

भूमध्य आहाराच्या कीर्तीबद्दलही प्रांजळपणे काही सांगणे आवश्यक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, रॉकफेलर फाउंडेशनने क्रीट बेटाची पाहणी केली तेव्हा तेथील लोक मुख्यतः धान्य, कडधान्ये, भाज्या, फळे आणि ऑलिव्ह तेल यांवर जगत असल्याचे आढळले. परंतु त्यांच्यापैकी बहुतेक कुटुंबे त्या आहारावर समाधानी नव्हती आणि त्यांना अधिक मांस हवे होते. पुढे जगाने ज्याला आदर्श मानले ते अन्न ते खाणाऱ्यांच्या दृष्टीने टंचाईचे होते. नाचणीची भाकरी, वरीचे तांदूळ आणि रानभाजी यांचे मुळशी-मावळातील जुन्या पिढीशी हेच नाते आहे. स्वयंपाकघरातील वयस्क स्त्रिया नाचणीला ‘मिलेट’ या नावाने चढ्या दराने विकताना पाहून अभिमानाने फुलून जात नाहीत. घरी तांदूळ संपल्यानंतरचे ते अन्न होते हे त्या स्पष्टपणे सांगतात आणि सणाला पुरणपोळीच पसंत करतात. क्रीटमधील तो शेतकरी दिवसभर डोंगरउतारावर राबत असे. त्याचे जेवण उचलून आठ तास बसणाऱ्या माणसासमोर ठेवल्याने त्याचे आरोग्यही आपोआप येईल अशी अपेक्षा स्वयंपाकघराकडून करणे रास्त नाही, आणि आजच्या ग्रीसमध्येही लहान मुलांच्या स्थूलतेचे प्रमाण युरोपातील चढ्या प्रमाणांपैकी आहे.

अखेरचा प्रश्न वेळेचा उरतो आणि तोच सर्वांत अवघड आहे. पारंपरिक ग्रीक दिनक्रमात सकाळी कॉफी आणि फार तर तीळ लावलेले पावाचे एखादे कडे, दुपारी दोन-तीनच्या सुमारास मुख्य जेवण, त्यानंतर विश्रांतीचा शांत काळ आणि रात्री नऊनंतर हलके जेवण असा क्रम असतो; दुपारच्या त्या शांततेला तेथे नियमांचेही संरक्षण आहे. हिंजवडीतील घड्याळ मात्र परदेशी ग्राहकाच्या घड्याळाला बांधलेले असते. हिवाळ्यात अथेन्समध्ये सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा हिंजवडीत दुपारचा एक वाजलेला असतो, त्यामुळे युरोपातील कार्यालयांची दिवसातील पहिली बैठक बरोबर येथील जेवणाच्या सुट्टीवर येऊन आदळते. काउंटरवरची रांग, हात धुणे आणि परत जागेवर पोहोचणे वजा जाता प्रत्यक्ष जेवायला वीसेक मिनिटे उरतात, आणि एवढ्या अवधीत सावकाश खाण्यासाठी घडलेला कोणताही आहार, तो क्रीटचा असो वा मुळशीचा, पोटात ढकलला जातो. समितीच्या बैठकांत तेल, मीठ आणि कॅलरी यांवर दीर्घ चर्चा झाल्या, परंतु दुपारी एक ते दोन या काळात बैठका ठेवू नयेत अशी सूचना आली तेव्हा ती स्वयंपाकघराच्या अखत्यारीतील नाही असे सांगण्यात आले, आणि ते उत्तर वस्तुस्थितीला धरूनच होते.

एवढ्या वर्षांच्या कामाचा निष्कर्ष त्या उत्तरातच दडलेला आहे. लोक काय आणि कसे खातात हे ठरवणारे अनेक अधिकार स्वयंपाक्याच्या हाती नसतात: धर्माची दिनदर्शिका, शेताचा हंगाम, कुटुंबाचा आकार आणि कामाच्या वेळा हे त्याच्या आधी ठरवून टाकतात, आणि तो उरलेल्या जागेत मीठ-तिखट जुळवतो. ज्या ठिकाणी मराठी जीवनात ग्रीक सवयीला समांतर अशी सवय जिवंत होती, म्हणजे श्रावण, संक्रांत, चक्का, घोळ, त्या ठिकाणी ग्रीक पदार्थ रुजला. जेथे ती नव्हती तेथे तो फलकावरच्या नावापुरता राहिला. म्हणून कोणत्याही कार्यालयाला आपल्या माणसांसाठी ग्रीक आहार आणायचा असेल, तर त्याने आधी बैठक नसलेला एक सलग तास आणि एकत्र बसता येईल असे टेबल आणावे. तेवढे झाले तर त्या टेबलावर वाढलेला साधा वरणभातही पुष्कळसे तेच काम करील, आणि ऑलिव्ह तेलाच्या खर्चावर समितीला इतका वेळ घालवावा लागणार नाही.